आतोबांच्या गुडघ्याची वाटी

वैतरणेच्या खाडीपासून बोईसरपर्यंतच्या टापूत आमच्या आतोबांइतकं कमी ऐकणारा माणूस झाला नाही, आणि पुढे होईल असं वाटतही नाही. कान म्हणाल तर ठणठणीत. आत्याने आत शेंगदाण्यांचा डबा उघडला तरी त्यांना ओटीवर कळायचं. पण समोरच्याचं वाक्य शेवटापर्यंत जाऊ देणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. तुम्ही 'काल मी पालघरला' एवढं म्हणालात की पालघरात कुणाच्या विहिरीला गोडं पाणी आहे, तिथल्या भज्यांत ओवा कसा जास्त असतो, हे सगळं सुरू! तुमचं पालघर तुमच्यापाशीच. एकदा उमरोळीचे एक गृहस्थ मुलाच्या मुंजीचं बोलावणं करायला आले. आतोबांनी त्यांना बसवलं, पोहे खाऊ घातले, दोन वेळा चहा पाजला, मनसोक्त बोलले आणि स्टेशनावर पोचवायलाही गेले. गाडी हलल्यावर तो बिचारा खिडकीतून ओरडला, "अहो, परवा मुंज आहे!" आतोबा हात हलवत म्हणाले, "पुन्हा या हं!" मुंजीला कुणी गेलं नाही, आणि त्या घराशी बोलणंचालणं कितीतरी दिवस बंद होतं.

त्या वेळी तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. मला तिथे कारकुनी मिळाली आणि मी कराडहून येऊन बोईसरला आत्याकडे राहिलो. आतोबा गवताच्या वखारीत दिवाणजी. त्यांची एकुलती एक मुलगी विमल मॅट्रिक झालेली, अगदी अबोल. अबोल नसून करते काय, घरातल्या बोलण्याचा सगळा मक्ता एकाच माणसाकडे! तिचं लग्न वसईच्या एका स्थळाशी ठरलं होतं, वैशाखात. स्थळ चांगलं होतं, पण तिला एवढ्यात लग्नच नको होतं. तिला ट्रेनिंग घेऊन शाळेत शिकवायचं होतं. हे आत्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, शेजारपाजारच्या बायकांनाही ठाऊक होतं. फक्त आतोबांना ठाऊक नव्हतं, कारण त्यांना सांगायचं कसं? एकदा तिने धीर करून "बाबा, त्या लग्नाचं" एवढं उच्चारलं, तर पंगतीला जिलबी करावी की बुंदी, यावर आतोबा जे सुरू झाले ते थेट जेवायला उठेपर्यंत. विमल आत जाऊन भांडी घासत बसली. लग्न जवळ येत चाललं होतं आणि पोरीचा घास कमी होत चालला होता.

अशात आतोबांचा उजवा गुडघा धरला. वखारीत गवताच्या गंजीवर शिडी लावून चढउतार करावी लागे. चढताना काही नाही, उतरताना मात्र वाटीच्या भोवती अशी कळ यायची की आतोबांच्या तोंडचं वाक्य अर्धवट राही. मांडी घालून बसले तर उठताना दोघांनी धरावं लागे. त्यांचा जीव वेगळ्याच चिंतेने टांगणीला लागला. "अरे, कन्यादानाला पाटावर बसायचंय मला. मुलीचा बाप काय खुर्चीवर बसून कन्यादान करणार?"

पालघरच्या डॉक्टरांनी वाटी बोटांनी हलवून पाहिली आणि म्हणाले, "पट्टा देतो. पण पट्टा हा नुसता टेकू आहे. खरं काम मांडीच्या स्नायूंचं. त्यांत बळ आलं की वाटी नीट सरकेल. चालताना पट्टा बांधा, घरी सोडा, आणि मी सांगतो तो व्यायाम रोज करा." यातलं 'पट्टा देतो' एवढंच आतोबांनी ऐकलं. पट्टा मोठा देखणा होता. कमावलेलं कातडं, दोन बकलं, मध्ये वाटीपुरतं भोक. आता असा दागिना धोतराच्या आत ठेवायचा म्हणजे फुकटच की! आतोबांनी तो धोतरावरून बांधला. वखारीत बांधला, देवळात बांधला, झोपतानाही बांधला. रात्री कूस बदलली की कातडं कुरकुरायचं आणि आत्या दचकून उठायची. महिन्याभराने कळ होती तशीच राहिली आणि मांडी मात्र शेवग्याच्या शेंगेसारखी झाली.

डॉक्टर या खेपेला चांगलेच तापले. "पट्टा मिरवायला दिलाय का मी? बसा इथे." त्यांनी आतोबांचा पाय लांब करवला, गुडघ्याखाली पंच्याची गुंडाळी ठेवली आणि सांगितलं, "ही गुंडाळी गुडघ्याने खाली दाबा. मनातल्या मनात रामरक्षेचा एक श्लोक म्हणा आणि तोवर दाबून धरा. मग सोडा, की पुढचा श्लोक. जमेल तेव्हा, जमेल तितक्यांदा. नाहीतर वैशाखात खुर्ची मांडून ठेवा." खुर्चीचं नाव निघालं आणि आतोबा सरळ झाले.

तेव्हापासून बोईसरने एक नवलच पाहिलं. आतोबा गप्प बसू लागले! मनात श्लोक चालू असताना तोंडाने बोलणार कसं? ओटीवर पाय पसरून बसायचे, भुवया जवळ आणायचे, नजर समोरच्या माणसावर रोखायचे. श्लोक संपला, स्नायू सैल पडला, की एक मोठा सुस्कारा निघे आणि मान आपोआप खाली वर होई. समोरच्याला वाटे, काय बुवा मन लावून ऐकतात! आठ दिवसांत ओटीवर माणसं गाऱ्हाणी घेऊन यायला लागली. भावकीची भांडणं, सुनांच्या कागाळ्या, सगळं आतोबांपुढे. एका शेजाऱ्याने खाट मागितली. आतोबांची मान हलली, खाट गेली. रात्री आतोबा घरभर खाट शोधत होते. सातपाटीची मासळीवाली तर पार घाबरली. तिने भाव सांगितला आणि जन्मभर घासाघीस करणाऱ्या या माणसाने मान हलवली. तिने आपण होऊन चार बोंबील जास्त टाकले आणि आत्याला बाजूला घेऊन म्हणाली, "वयनी, दिवानजींना बरा नाय काय? बोलत नाय, भांडत नाय. मना भ्या वाटते."

गुडघा मात्र सुधारत गेला. फाल्गुनात आतोबा शिडीवरून बोलत बोलत उतरू लागले आणि पट्टा खुंटीला गेला. व्यायाम चालूच होता. अशाच एका संध्याकाळी आतोबा पाय पसरून बसले होते, मी पायरीवर होतो आणि विमल समोर वाल सोलत होती. वालांवरची नजर न काढता ती एकदम बोलायला लागली. "बाबा, मला एवढ्यात लग्न नाही करायचं. मला ट्रेनिंगला जायचंय. आमच्या बाई म्हणाल्या, मला नक्की घेतील. तुम्ही नाही म्हणालात तर मी वसईला जाईन, तोंडातून एक शब्द काढणार नाही. पण मला शिकवायचंय हो बाबा." एवढं सलग बोलताना मी तिला पहिल्यांदाच ऐकत होतो. आतोबा भुवया जुळवून तिच्याकडे टक लावून पाहत होते. मग सुस्कारा निघाला आणि मान हलली. चांगली दोनदा.

विमल वाल टाकून आत धावली. मी पायरीवरून ताडकन उठलो. मला गुडघ्याखालची पंच्याची गुंडाळी दिसत होती ना! आत्या पिठाचे हात तसेच घेऊन बाहेर आली. "अहो, खरंच हो म्हणालात?" दाराआड विमल पदरात तोंड घालून रडत होती, हसतही होती. आतोबांनी आत्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग एकदम खेकसले, "एकदा हो म्हटलं ना? मग! पुन्हा पुन्हा काय विचारायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनाच्या वाटेवर त्यांनी मला थांबवलं, मागेपुढे पाहिलं आणि हळूच विचारलं, "अरे, मी कशाला हो म्हटलंय?"

मी सांगितलं. प्रत्येक शब्द सांगितला. त्यांनी एकदाही मध्ये तोडलं नाही. "पोर किती दिवस हे पोटात घेऊन हिंडत होती रे," एवढंच म्हणाले. आणि मग, "तिला कळता कामा नये हं. माझी शपथ आहे."

पुढच्या रविवारी खुंटीवरचा पट्टा खाली आला. आतोबांनी तो धोतरावरून करकचून बांधला, माझा खांदा धरला आणि वसईला व्याह्यांच्या दारात असे लंगडत शिरले की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. "पाटावर बसता येत नाही हो. यंदा कन्यादान व्हायचं नाही. पुढच्या वर्षाचंही डॉक्टर काही बोलत नाहीत." व्याही म्हणाले, "मग तुमच्या मेहुण्यांना बसवू." आतोबा कळवळून म्हणाले, "त्यांचाही गुडघाच आहे!" माझे वडील त्या वेळी कराडला रोज सकाळी दंडबैठका काढत होते. मी मुकाट्याने लाडू खाल्ला. त्या मंडळींना थांबायचं नव्हतं. त्यांनी दुसरी मुलगी पाहिली आणि सगळं गोडीगुलाबीने मिटलं.

विमल ट्रेनिंगला गेली, सातपाटीच्या शाळेत शिकवायला लागली. पुढे तिथल्याच एका मास्तरांशी लग्न केलं, आणि आतोबा पाटावर कुणाचाही हात न धरता बसले आणि उठले. जगाशी त्यांचं बोलणं पूर्ववत सुरू झालं होतं. गाऱ्हाणीवाले एकेक करून पांगले. पण विमल शनिवारी घरी आली आणि शाळेतलं सांगायला लागली की आतोबा गप्प होत. मी मुद्दाम पाहत असे. मांडी घातलेली असायची, पंचा दांडीवर वाळत असायचा. ती एका मुलाच्या पाढ्यांची गंमत सांगे आणि ते शेवटपर्यंत ऐकून विचारत, "मग, पुढे काय म्हणाला तो?"

आतोबा गेले तेव्हा तेराव्याला सगळे त्यांच्या बोलण्याच्या गोष्टी सांगून हसत होते. विमलही हसत होती. हसता हसता डोळे पुसून मला म्हणाली, "दादा, सगळे म्हणतात बाबांनी कधी कुणाचं ऐकलं नाही. माझं ऐकलं रे त्यांनी. मी बोलले आणि त्यांनी ऐकलं."

"ऐकलं तर," मी म्हटलं. शपथ होतीच, पण नसती तरी मी हेच म्हटलं असतं. त्यात मी काही खोटं बोललो असं मला आजही वाटत नाही.