ब तुकडीची लांब पेटी

‘आधी मधली रेघ बघा हो, मधली रेघ!’ असं म्हणत आमचे गणिताचे सर खडूच्याच हाताने घाम पुसायचे. दिवसभर कपाळ पांढरं. तुमच्याही शाळेत असा एखादा असेलच.

ऐंशीनंतरची गोष्ट. पुण्याच्या कुठल्याशा शिबिरातून सर ही पेट्यांची रीत शिकून नाशकात आले आणि आम्हा शिक्षकांच्या डोक्याला ताप झाला. वर्गाचे गुण चढत्या क्रमाने लावायचे, मधल्या निम्म्या पोरांभोवती उभी पेटी काढायची, अगदी मधल्या मुलापाशी आडवी रेघ. वर-खाली मिशांसारख्या रेघा, पहिल्या आणि शेवटच्या पोरापर्यंत. दोन तुकड्यांच्या पेट्या शेजारी काढल्या की तुलना एका नजरेत.

‘एका नजरेत?’ मी म्हणायचो. ‘सर, दिवसाचे सहा तास मराठी शिकवून डोळ्यांत नजर उरते कुठे?’

‘अहो, पेटी लांब म्हणजे पोरं हुशार नव्हे, पोरं पांगलेली! किती वेळा सांगू?’ सर थकून खुर्चीत बसायचे. आणि खरंच, आम्ही दर वेळी तिथेच चुकायचो.

ब तुकडीत हरसूलकडच्या पाड्यांवरून येऊन वसतिगृहात राहणारी पोरं होती. ती तुकडी बंद करायचं संस्थेने मनावर घेतलं. ‘अ मध्ये जागा नाही. मग ही जातील कुठं?’ सर ज्याला त्याला विचारत. जातील कुठं! घरी, गुरांमागे.

संस्थेच्या सभेत सरांनी फळ्यावर दोन पेट्या काढल्या. अ ची आखूड, वर. ब ची लांबलचक, मधली रेघ पार खाली. इतक्या मागे पडलेल्या पोरांना वेगळा वर्ग हवाच, हे त्यांना सांगायचं होतं. तोंड उघडणार तोच अध्यक्ष म्हणाले, ‘अरे वा! ब ची पेटी तर दुप्पट! एवढी प्रगती? मग बंद कशाला करायची?’

मी सरांकडे बघितलं. आता हे मधल्या रेघेवर येणार आणि सगळं घालवणार!

सरांनी कपाळ पुसलं. ‘हो साहेब,’ एवढंच म्हणाले.

ब तुकडी राहिली. मी पेढे आणले, तर सरांनी अर्धाच घेतला. ‘जन्मभर हीच चूक खोडत आलो हो,’ म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी पेटी काढली नाही. निवृत्तीपर्यंत नुसते पुस्तकातून शिकवत राहिले. कपाळ स्वच्छ असायचं. मला ते बघवत नसे.

सर गेले त्या दिवशी ब मधला एक जुना विद्यार्थी आला. आता तो हरसूलकडेच मास्तर आहे. निरोप मिळाला तसा वर्गातून उठून आला होता. सरांच्या कपाळावर हात ठेवून तो ढसाढसा रडला. हात उचलला, तर कपाळ पांढरं झालं होतं.