घरी येऊन पारखणारे मुनीर सर

मुनीर इनामदार सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती नांदेडच्या निवड चाचणीत, आणि त्या भेटीत सरांनी मला गप्प केलं. आमच्या घरी विचारलंत तर ते कुणाला आजवर जमलेलं नाही. मी नायगावजवळच्या खेड्यातून आलेली, शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल शिकलेली. त्या दिवशी सुचेल तिथून बास्केट टाकले आणि ऐटीत सरांसमोर जाऊन उभी राहिले. सरांनी विचारलं, तुझ्याबरोबर खेळलेल्या चौघींची नावं सांग. मला एकीचंही सांगता येईना. सर म्हणाले, नावच माहीत नाही तर पास कुणाला देणार? झालं, आता गावाकडची गाडी धरायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. पण यादीत माझं नाव निघालं. नावं विचारायला मात्र मी त्याच दिवशी शिकले.

सर मूळचे लातूरचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिवणकामाचं दुकान, आणि सर शाळेत खेळाचे शिक्षक. निवृत्तीनंतर नांदेड-लातूरच्या आमच्या व्यावसायिक महिला संघाचे ते प्रशिक्षक झाले. दर महिन्याला मानधन मिळणारा बास्केटबॉलचा संघ आमच्या भागात, तोही मुलींचा, हे सुरुवातीला कुणाला खरं वाटत नसे. आमच्या आत्याला तर अजूनही वाटत नाही.

हंगाम संपला की कुणाला ठेवायचं आणि कुणाला सोडायचं हे सगळीकडेच ठरतं. इतर ठिकाणी ते कार्यालयात, पडद्यावर आकडे दाखवून ठरतं. आमचे सर एसटीनं प्रत्येक खेळाडूच्या घरी जातात. मुदखेड असो की निलंगा, थोरामोठ्यांसमोर बसून, पोरीच्या देखत, तिचं काय चांगलं आणि काय वाईट ते सांगतात. फोनवर कधीच नाही. याचं कारण एकदा आमच्या व्यवस्थापक लतिका मॅडमनी विचारलं, तेव्हा सर म्हणाले होते की पोरगी खेळते कशी हे मैदानावर दिसतं, पण कशातून उठून येते ते घरी गेल्याशिवाय कळत नाही.

त्यांची पारखही वेगळी. बास्केट कुणी केला यापेक्षा त्याआधीचा पास कुणी दिला, हे ते आधी बघतात. बदली झाल्यावर पोरगी बेंचवर कशी बसते, हेही बघतात. एका वर्षी आमच्या सर्वांत जास्त गुण करणाऱ्या मुलीला त्यांनी तिच्याच वडिलांसमोर सुनावलं, कारण बाहेर बोलावल्यावर तिनं टॉवेल आपटला होता. वडील चिडले नाहीत. उलट म्हणाले, घरी बी असंच करती. सगळे हसले, आणि पुढच्या हंगामात ती मुलगी बेंचवर बसून सर्वांत मोठ्यानं ओरडायची.

आता माझी गोष्ट. त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात मी गुडघ्यावर पडले. उठून खेळले, पण घरी येईपर्यंत गुडघा टम्म सुजला होता. त्याच सुमारास मालक संघ लहान करणार असल्याचं कानावर आलं. कोण जाणार ते सरांच्या शब्दावर होतं. इकडे बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगून टाकलेलं: संघात नाव राहिलं तर खेळ, गेलं तर निलंग्याकडचं स्थळ तयार आहे, मग नाही म्हणायचं नाही. मुलगा वाईट नव्हता म्हणे. पण मला खेळायचं होतं. त्याखेरीज मला दुसरं काही नको होतं.

सर येणार हा निरोप आला आणि आत्यानं घराचा ताबा घेतला. घरी येऊन पोरीला पारखणारी माणसं म्हणजे एकच, असा तिचा पक्का समज. पोहे झाले, शंकरपाळे झाले, मला साडी नेसवली. गुडघ्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "पोरीचं दुखणं आल्यागेल्याला सांगत असतेत का? त्या गुडघ्याचं नाव काढायचं न्हाई." साडीत सूज झाकली गेली, हा तिच्या लेखी मोठाच फायदा.

सर आणि लतिका मॅडम ओसरीवर बसले. सरांनी पोह्यांची तारीफ केली. तब्येतीचं विचारलं की माझ्याआधी आत्या उत्तर द्यायची, पोरगी वाघीण हाय, कधी साधी शिंक न्हाई. मी आपली पदर धरून मुकी. शेवटी सर म्हणाले, बेटा, जरा ओसरीच्या पायऱ्या उतरून परत वर ये.

आत्याचा चेहरा खुलला. चाल बघायलेत, हळू चाल, असं ती माझ्या कानात म्हणाली. मी हळूच चालले, दुसरा इलाजच नव्हता. प्रत्येक पायरीवर चांगला पाय वर, दुखरा मागून, आणि हात भिंतीला. उतरताना त्याच्या उलट.  सरांनी पाणी मागितलं, ते प्याले, आणि बापूंकडे वळले.

म्हणाले, पाटील, तुमच्या पोरीनं यंदा स्वतःपेक्षा दुसऱ्यांना जास्त खेळवलं, हे तिचं चांगलं. गुडघा दुखावल्यावर हात वर करून बाहेर आली नाही, हे वाईट. आज तो गुडघा साडीत झाकला, ते मात्र तिचं वाईट धरत नाही, ते तुमच्या घरचं आहे.

आत्या आत निघून गेली. बापू खाली बघत होते. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे नाव गेलं म्हणायचं?"

 माझ्या डोळ्यांसमोर निलंग्याची एसटी उभी राहिली.

"नाव कशाला जाईल, पाटील?" सर म्हणाले. "गुडघा बरा होतो. लातूरला माझ्या वळखीचे डॉक्टर हाईत, उद्या घेऊन या. काही महिने बेंचवर बसंल. पण ही राहणार. हे मी तुमच्यासमोर बोललो, म्हणजे बोललो."

मी तिथेच, साडीत, भोकाड पसरून रडले. आनंदानं की सुटका झाल्यानं, कोण जाणे. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला एवढं आठवतं. आतून आत्या म्हणाली, बसल्या जागी पगार देतेत व्हय? सरांनी आत बघून शांतपणे सांगितलं, बेंचवर बसून बी काम असतंय, आत्याबाई. दुसऱ्या दिवशी मला लातूरला न्यायला बापूंच्या आधी आत्याच तयार होऊन बसली होती.

मालकांकडे पुढे काय झालं ते लतिका मॅडमनी खूप नंतर सांगितलं. जखमी मुलीला पैसे का द्यायचे, असा सरळ प्रश्न होता आणि तो चुकीचाही नव्हता. सरांनी वाद घातला नाही. एका बापासमोर मी शब्द दिलाय, तो मोडायचा असेल तर आधी मला मोकळं करा, एवढंच म्हणाले. मालक हसले आणि सही केली. सरांनी मला यातलं अक्षरही कळू दिलं नाही. मी आपली बेंचवर बसून सगळ्यांना पाणी देत होते, ओरडत होते, आणि पुढे परत खेळले. चांगली खेळले, हे सर म्हणतात म्हणून लिहिते. निलंग्याच्या पाहुण्यांना बापूंनी स्वतः जाऊन नकार कळवला.

आज मी त्याच संघात सरांची सहायक आहे. यंदाच्या घरभेटींना निघायच्या आधी सरांना छातीचा त्रास झाला आणि आम्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला. दवाखान्यातही ते विचारत होते, मुदखेडच्या पोरीकडं कोण जायलंय? आता ते घरी आलेत, जिना हळू का होईना चढतात, डॉक्टरांशी हुज्जत घालतात. आमचा जीव भांड्यात पडलाय.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. थोरांना शुभेच्छा कशा द्याव्यात ते मला जमत नाही, म्हणून आम्हा सगळ्या पोरींच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या वतीनं एकच विनंती करते. सर, आम्हाला तुम्ही ठेवून घेतलंत. आता तुम्ही राहा. गोळ्या वेळेवर घेत, धडधाकट, खूप वर्षं राहा.