सेरिक कुदुक!

तोंडात चहा असेल तर आधी गिळा बाबांनो, मग ऐका. ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

जे. पी. नगरात आमच्या खालच्या मजल्यावर घरमालकीण शारदाक्का पेशंटांच्या नातेवाइकांना खोली देतात. तिथं कझाकस्तानहून आयगुल आली होती. नवऱ्याचं, सेरिकचं, हृदयाचं ऑपरेशन. बाईला ना इंग्रजी येत, ना हिंदी. ऑपरेशन चालू असताना हॉस्पिटलच्या दुभाषी मुलीनंच तिला घरी पिटाळलं होतं, दोन घास खाऊन ये म्हणून. पण घास कसला उतरतोय! बाई नुसती गेटपाशी येरझाऱ्या घालत होती.

तेवढ्यात शारदाक्कांना नर्सचा फोन आला. "ऑपरेशन ओके! पेशंट इज वेल!"

अक्कांनी मला हाक मारली. "सार, आप बोलो ना उसको! स्वल्प जल्दी!"

आता मोबाइलला अख्खं वाक्य विचारलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही! म्हटलं, एवढी मोठी बातमी बाईला तिच्या भाषेत, आपल्या तोंडून सांगू. शब्दकोशात नुसता 'वेल' टाकला आणि पहिला दिसला तो शब्द उचलला.

"सेरिक... कुदुक!" मी अंगठा वर केला.

बाई पांढरीफटक!

आनंदानं सुन्न झाली असेल, नाही का? मी आणखी जोरात ओरडलो, "सेरिक कुदुक! कुदुक!"

"कायदा?" ती किंचाळली. "कायदा?"

बोंबला! हिला आत्ता कायदा कशाला आठवला? व्हिसाची भीती वाटत असेल. "नो कायदा! ऑल ओके!"

मग तिनं माझी कॉलर धरून मला गदागदा हलवलं, सोडलं आणि हवेतल्या हवेत दोर ओढायला लागली. मला वाटलं, हा त्यांच्याकडचा आनंदाचा नाच! मग मीही ओढला. अक्काही ओढायला लागल्या! एक रिक्षावाला थांबून बघत राहिला.

आयगुल थेट त्याच्याच रिक्षात चढली. मागोमाग आम्ही. रस्ताभर तिचं रडं थांबेना, आणि मी आपला तिला धीर देतोय, "कुदुक, कुदुक!"

हॉस्पिटलच्या दारातच दुभाषी भेटली. आयगुल तिच्याशी एका दमात काहीतरी बोलली. मुलगी माझ्याकडे वळली.

"सर, आपने बोला इनका हजबंड कुएँ में गिर गया?"

अहो, कुदुक म्हणजे विहीर! आणि कायदा म्हणजे 'कुठे?' ती बिचारी कुठल्या विहिरीत म्हणून विचारतेय, दोर आणा म्हणून सांगतेय, आणि मी समोर नाचतोय!

"जाक्सी!" दुभाषी तिला म्हणाली. "सेरिक जाक्सी!" म्हणजे, बरा आहे.

आयगुल मटकन खालीच बसली. रडली. मग हसली. मग उठून माझ्या पाठीत असा एक धपका घातला, की मणके मोजून घेतले मी!

काही दिवसांनी वॉर्डात गेलो, तर सेरिक उठून बसलेला. गालांवर चांगली लाली! त्यानं माझा हात कितीतरी वेळ सोडला नाही. मग दुभाषीला काहीतरी विचारलं.

"पूछ रहे हैं, आप काम क्या करते हैं?"

मी आवाज खाली आणला. "कंपनी में... नए लड़कों को कम्युनिकेशन स्किल्स सिखाता हूँ."

तिनं ते त्याला सांगितलं. आणि टाक्यांवर उशी दाबून तो इतका हसला, इतका हसला, की नर्सनं धावत येऊन मलाच वॉर्डाबाहेर काढलं!