पिल्लू एकटं असतं तेव्हा

निवृत्त झाल्यावर इथे कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या माझ्या मैत्रिणींनी भजन, योगा आणि नातवंडं धरली. मी समुद्रातली पाणमांजरं धरली. दर बुधवारी सव्वा तास ड्राइव्ह करून मॉन्टेरेच्या बाजूच्या एका खाडीवर जायचं, दुर्बीण लावायची आणि कोण झोपलंय, कोण खातंय, कोण अंग साफ करतंय हे फॉर्मवर लिहायचं. जन्मभर डॉक्टरकी केली, नोंदी ठेवायची खोड जात नाही. लोकांना वाटतं, ही गोंडस जनावरं पाठीवर पडून मजा करतात. मजा कसली? अंगावर चरबीचा थर नाही आणि पाणी गारठवणारं. ऊब टिकवायची तर आपल्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं रोज खावंच लागतं. पिल्लू झालं की आईला उसंतच नाही.

शिकारीला बुडी मारताना ती पिल्लाला पाण्यावर ठेवून जाते. पिल्लाच्या केसांत इतकी हवा असते की ते बुडत नाही, नुसतं ओरडतं. सुरुवातीला अशाच एका पिल्लासाठी मी घाबरून बचाव पथकाला फोन केला होता. माणसं धावत आली, तोवर आई खेकडा घेऊन हजर. मी चांगलीच ओशाळले. घाईने उचललं, तर आई असलेलं पिल्लू अनाथ होतं. तेव्हापासून माझा नियम ठरला. घड्याळ लावायचं, अर्धा तास बघत राहायचं, आई दिसली नाही तरच फोन.

गेल्या मार्चमध्ये मुलगी सोबत आली. ती चाळिशीला टेकलेली, इथेच जन्मलेली. आम्ही काठावर बसलो आणि थोड्याच वेळात एक पिल्लू किंचाळायला लागलं. आई कुठेच नव्हती. मी घड्याळ लावलं. जवळून कयाक वल्हवत चाललेल्या एका माणसाने नाव तिकडे वळवली.

मी उठून उभी राहिले आणि वॉर्डात ओरडायचे तशी इंग्रजीत ओरडले, “मागे राहा. त्याची आई कामावर गेलीय.”

तो म्हणाला, पिल्लू मरतंय. मी म्हटलं, मरत नाहीये, रडतंय. तो चरफडत थांबला.

मुलीने माझा दंड धरला. “आई, ही इज राइट. कॉल करू या ना कुणाला तरी.”

“अजून अठरा मिनिटं आहेत.”

“हाऊ कॅन यू जस्ट सिट हिअर?”

ते वाक्य मला लागलं, कारण ते विचारायचा हक्क जगात तिलाच होता. इथल्या हॉस्पिटलात माझी रेसिडेन्सी चालू असताना, ती सात महिन्यांची असताना, मी तिला साताऱ्याला माझ्या आईकडे ठेवून आले होते. इथे आलेल्या आम्हा डॉक्टर बायकांतल्या कितीतरी जणींनी तेच केलं. छत्तीस तासांची ड्यूटी असायची, घरात तिसरं माणूस नव्हतं. दीड वर्षाने तिला आणायला गेले, तर ती आजीच्या पदराआड लपली. याबद्दल आम्ही दोघी कधीच बोललो नव्हतो.

मी जागची हलले नाही. फोन पर्समध्येच ठेवला. मला खात्री होती असं नाही. फक्त घाईने फोन करायची आधीची चूक पुन्हा करायची नव्हती.

सव्विसाव्या मिनिटाला बोटींच्या पलीकडून पिल्लाची आई आली, छातीशी एक मोठा शिंपला धरून. पिल्लाला तिने पोटावर ओढून घेतलं आणि ते गप्प झालं. कयाकवाला निघून गेला. मी फॉर्मवर वेळ लिहिली.

मुलगी पाण्याकडे बघत होती. मग माझ्याकडे न बघता तिने मराठीत विचारलं, “मी रडायचे का गं, साताऱ्याला?”

“आजी फोनवर सांगायची, अजिबात रडत नाही.”

“अँड यू बिलीव्ह्ड हर?”

“नाही,” मी म्हटलं. “पण दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जायचं होतं, म्हणून मी पुन्हा कधी विचारलं नाही.”