मिस्टर दगडू, खोली नंबर दोन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते शेंडेबाईंचे. या लेखात मी माझे वडील सोडून दुसऱ्या कोणाचे खरे नाव-गाव सांगणार नाही, पण त्यांचे नाव घेतल्याशिवाय मला सुरुवातच करता येत नाही. आमच्या तालुक्याच्या गावातल्या शाळेत त्या गणित शिकवत. माझे वडील दगडू बाजार समितीत हमाली करत. घरात दिवा एकच होता, म्हणून बाईंनी दहावीच्या वर्षी मला त्यांच्या पडवीत अभ्यासाला बसवले. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी झालो तो त्या पडवीमुळे.

बाई हजेरी घेताना प्रत्येकाचे पूर्ण नाव घेत. स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. एकाही मुलाला त्यांनी नुसत्या आडनावाने हाक मारलेली मला आठवत नाही.

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मिसळत नाही. ती करोल बागेतल्या एका रत्नांच्या दुकानात सुरू झाली आणि थायलंडच्या सीमेवरच्या एका साध्या गेस्ट हाउसच्या जिन्यावर उलटली.

दिल्ली पोलिसांत मी उपनिरीक्षक म्हणून भरती झालो आणि या केसच्या वेळी निरीक्षक होतो. गुडगावात तेव्हा मोहरीची शेते जाऊन टॉवर उभे राहत होते. आमच्याच शाळेतला, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान असलेला एक मुलगा तिथे अकराव्या मजल्यावर राहायला आला होता. तोही बाईंच्या पडवीत वाढलेला. रत्नांची पारख शिकून तो करोल बागेतल्या त्या दुकानासाठी परदेशातून माणके विकत आणायचा. बाईंच्या पत्रात माझी चौकशी दोन ओळींत संपायची आणि मग त्याचे सुरू व्हायचे. तो पुन्हा परदेशी गेला, त्याने तिकडून रंगीत फोटो पाठवला, दिल्लीत तू मोठा आहेस, त्याच्यावर लक्ष ठेव.

त्याच्या वास्तुशांतीला आम्ही गेलो होतो. परतताना बायको बसमध्ये म्हणाली, "बाल्कनीतून विमानं दिसतात त्यांच्या. आपल्या बाल्कनीतून काय दिसतं? समोरच्या हवालदाराची बनियन."

"बनियन स्वच्छ तरी असते," मी म्हणालो.

"चिडू नका हो. बाईंचा लाडका आहे तो, मान्य करून टाका एकदाचं."

मी मान्य केले नाही. नंतर दोन वर्षे त्याच्या घरी गेलोही नाही.

आणि मग दुकानाच्या मालकाची फिर्याद माझ्या टेबलावर आली. आरोपी म्हणून नाव त्याचेच होते.

फिर्याद अशी होती. तिथल्या गेस्ट हाउसचा फोन नंबर दुकानात ठेवून तो सीमेवरच्या त्या गावी माणके घ्यायला निघाला. नदीपलीकडून येणारे विक्रेते तिथे रस्त्यावर टेबले मांडून कच्चे-पक्के खडे विकतात. गुरुवारी तो परत आला, त्याने मोहोरबंद पाकीट दुकानात जमा केले. शनिवारी मालकाने पाकीट उघडले तर आत नकली खडे. मालकाचे म्हणणे, हा माणूस सीमेवर गेलाच नाही. बँकॉकमध्ये मजा केली, तिथेच नकली माल घेतला आणि खरेदीचे पैसे खाल्ले.

फिर्याद पक्की करायला दुकानाचा मॅनेजर स्वतः ठाण्यात आला. पन्नाशीचा, भरघोस मिशांचा माणूस. माझ्यासमोर बसून त्याने आधी चहा संपवला.

"साहब, बीस साल से गद्दी पर बैठा हूँ," तो म्हणाला. "पासपोर्ट मेरा भी बना हुआ है. आज तक एक ठप्पा नहीं लगा. और ये कल का लड़का! आप उस गेस्ट हाउस का रजिस्टर मँगवा लो. उसका नाम निकल आए तो मेरी मूँछ मुँडवा देना."

मला तो माणूस आवडला. हे मी आज लिहितो आहे, तेव्हा कबूल केले नव्हते.

आरोपीला आणले तेव्हा तो मला पाहून हसला. खरोखर सुटका झाल्यासारखा हसला. "दादा! तुम्ही आहात होय? चलो, मग काही टेन्शन नाही."

"यहाँ कोई दादा-वादा नहीं है," मी म्हणालो. "सर बोलो."

त्याचे हसू तसेच राहिले, फक्त डोळे बदलले. साहेबांना मी त्याच दिवशी सांगायला हवे होते की हा माझ्या शाळेतला आहे, तपास दुसऱ्याकडे द्या. मी सांगितले नाही. तपास दुसऱ्याकडे जावा असे मला वाटत नव्हते.

चौकशीत त्याने एकच गोष्ट धरून ठेवली. "सर, मी चार रात्री तिथेच होतो. लाकडी गेस्ट हाउस आहे, म्हातारी मालकीण आहे. खोलीत पंखा नि मच्छरदाणी. विक्रेते सकाळी तिच्या दारासमोरच बसतात."

"कंपनी तुला चांगलं हॉटेल देते. अकराव्या मजल्यावर राहणारा माणूस मच्छरदाणीत झोपतो?"

"एसीत मला झोप लागत नाही, सर. पडवीत झोपलेला माणूस आहे मी." मग हळू आवाजात, "तुम्हाला तर माहीत आहे."

मला माहीत होते, आणि त्याचाच मला राग आला. माझी पडवी त्याने का म्हणून घ्यावी?

त्याच्याकडे बिल होते, पण ते थाई अक्षरांत हाताने लिहिलेली चिठ्ठी. विक्रेता सापडणे अशक्य, कारण ते लोक रोज पूल ओलांडून येतात आणि जातात. जामीन फेटाळला गेला. त्याची बायको दर तारखेला तान्ह्या मुलीला घेऊन कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असायची. गेस्ट हाउसात त्याची नोंद निघाली तर तो सुटणार, नाही तर शिक्षा जवळपास ठरलेली, हे आम्हा सगळ्यांना कळत होते. दूतावासामार्फत पत्रव्यवहार होऊन परवानगी यायला अडीच महिने लागले. तोवर तो कारागृहात होता. आणि ज्या प्रवासाचा मला इतकी वर्षे हेवा वाटत होता तो मला सरकारी खर्चाने करायला मिळाला.

माझ्या पासपोर्टवरचा तो पहिला ठप्पा. बँकॉकहून बसने आठ-नऊ तास. सोबत तिथल्या पोलिसांचा मोडके इंग्रजी बोलणारा एक हवालदार दुभाषा म्हणून दिला होता. गेस्ट हाउस आरोपीने सांगितले होते तसेच होते. दुमजली, सागाच्या फळ्यांचे. दारात खांबावर देवाचे छोटेसे घर, त्यासमोर नळी घातलेली लाल सरबताची बाटली. जिन्याखाली पाहुण्यांच्या चपला ओळीने. आम्हीही बूट काढले. मालकीण सत्तरीची असेल. तिने रजिस्टर आणून दिले. परदेशी पाहुण्यांची नावे ती इंग्रजी अक्षरांत लिहायची, कारण तिथल्या पोलिसांना यादी द्यावी लागे.

मी त्या आठवड्याची पाने काढली आणि त्याचे आडनाव शोधले. नव्हते. पुढची चार पाने, मागची चार पाने पाहिली. नव्हते. हवालदाराने तिला आडनाव विचारले, तिने मान हलवली. या नावाचा माणूस इथे राहिला नाही.

मी रजिस्टर मिटले. पुढच्या चौकातल्या टेलिफोन बूथवरून साहेबांना फोन केला. "नोंद नाही, सर."

"बरं झालं. परत ये," ते म्हणाले.

केस डायरीत मी लिहिले, 'रजिस्टरची तपासणी केली. आरोपीच्या नावाची नोंद आढळून आली नाही.' अक्षर सुरेख आले होते. मुक्काम मी तिथेच केला, सरकारी भत्त्यात तेच बसत होते. मालकिणीने पासपोर्ट घेऊन बिस्किटांच्या डब्यात ठेवला आणि खोली नंबर दोनची किल्ली दिली. मच्छरदाणी, पंखा, न्हाणीघरात पाण्याचा हौद आणि त्यावर तरंगणारा प्लास्टिकचा तांब्या. मला गाढ झोप लागली.

सकाळी मी बॅग घेऊन जिना उतरत होतो. खाली तिने भाताची पेज वाढून ठेवली होती. वर पाहून तिने मोठ्याने हाक मारली, "मिस्टर दगडू! मिस्टर दगडू!"

मी जिन्यावर थांबलो. माझे वडील वारून तेव्हा सात वर्षे झाली होती. उभ्या आयुष्यात त्यांना कोणी 'दगडूशेठ' सोडा, 'अहो' म्हटले नव्हते. आणि परक्या मुलखातली एक म्हातारी हातात पेजेचा वाडगा घेऊन त्यांना मिस्टर म्हणत होती.

रजिस्टर समोरच होते. शेवटच्या ओळीत वाकड्या अक्षरात लिहिले होते, 'मि. दगडू, खोली २'. आपल्या पासपोर्टावर आडनाव वरच्या ओळीत असते, आणि खालच्या ओळीत स्वतःचे नाव नि पुढे वडिलांचे. मालकिणीला कोणीतरी शिकवले होते की परदेशी माणसाच्या नावातला शेवटचा शब्द ते आडनाव. तिने खालच्या ओळीतला शेवटचा शब्द घेतला होता. आमच्यासारख्यांच्या बाबतीत तो बापाचा असतो.

मी बॅग खाली ठेवली आणि पाने उलटली. त्याच्या वडिलांचे नाव बबन. ते माझ्या प्रत्येक कागदावर होते, फिर्यादीत, अटकेच्या पंचनाम्यात, रिमांडच्या अर्जात. बाईंच्या पत्रांत तर त्याचे पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट यायचे. 'मि. बबन, खोली ४', लागोपाठ चार दिवस.

मालकीण हसली. मला न्यायला आलेल्या हवालदाराने तिचे बोलणे सांगितले. "मिस्टर बबन. चांगला माणूस. पेजेत साखर मागायचा. हिने त्याला तीन वेळा सांगितलं की साखर घालत नाहीत."

मग ती आणखी काहीतरी बोलली. हवालदार म्हणाला, "ती म्हणते, तुम्ही काल विचारलंत तेच नाव इंडियातून फोनवरही कोणीतरी विचारलं होतं. दोन दिवस, दोन वेळा. पुरुष होता. तिने सांगितलं, असा कोणी इथे नाही."

मी पेज तशीच ठेवली आणि पुन्हा बूथवर गेलो.

दिल्लीला पोहोचल्यावर मॅनेजरला बोलावले. चहाही मागवला. माझा अनुभव असा की हेवा करणाऱ्या माणसाला दरडावू नये. त्याला बोलू द्यावे. तो मनात ही गोष्ट इतक्या वेळा बोललेला असतो की सांगायचे थांबत नाही.

"तुम्ही म्हणाला होता नाव निघणार नाही. इतकी खात्री कशी?" मी हिंदीत विचारले.

"मैंने खुद फोन किया था, साहब. नंबर वही तो छोड़ गया था. औरत ने साफ कहा, ऐसा कोई नहीं है."

"कब किया था?"

"मंगल को. बुध को फिर किया."

"पैकेट कब खुला?"

"शनिवार को."

"मंगळवारी तुम्हाला कळलं की माणूस तिथे नाही. मग गुरुवारी त्याच्या हातून पाकीट घेऊन तिजोरीत ठेवलंत. मालकाला शनिवारपर्यंत का नाही सांगितलं?"

त्याने कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. मग मिशीला हात लावून तो सांगायला लागला.

मोहोर फोडून त्याने आतले खडे बदलले होते आणि पुन्हा तशीच मोहोर लावली होती. मूळ खडे त्याच्या घरी पापडाच्या डब्यात सापडले. पंचनाम्यात मोजले तर एकही कमी नव्हता. "बेचने के लिए नहीं लिए थे, साहब," तो जबाबात म्हणाला. "बस, एक बार गिर जाए वो. एक बार."

ते वाक्य मी शब्दशः लिहून घेतले. लिहिताना मला त्याच्याकडे पाहता आले नाही.

बाईंचा लाडका सुटला. बायको-मुलीला घेऊन पेढे द्यायला आमच्या क्वार्टरवर आला. "दादा, तुम्ही होतात म्हणून वाचलो," म्हणाला आणि वाकून नमस्कार केला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला, पेढा खाल्ला. बायको आत पाणी आणायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तिला मी सगळे सांगितले होते.

या केससाठी मला प्रशस्तिपत्र मिळाले. नव्या अधिकाऱ्यांना मी या केसवरून एकच सांगत असे. आरोपीबद्दल मनात काही असेल तर तपास हातातून सोडा, आणि जी गोष्ट सापडल्यावर आनंद होतो ती पुन्हा एकदा तपासा. स्वतःबद्दल मात्र त्यांना कधी सांगितले नाही. ते फक्त एका पत्रात लिहिले होते. बाई गेल्यावर त्यांच्या मुलीने ते मला परत पाठवले.

तीर्थस्वरूप बाईंना साष्टांग नमस्कार.

तुमचा आनंदाचा निरोप पोहोचला. त्याने तुम्हाला कळवले की मी त्याला वाचवले. तो खोटे बोललेला नाही, त्याला तेवढेच ठाऊक आहे. म्हणून उरलेले मी लिहितो.

त्याचे नाव रजिस्टरात दिसले नाही तेव्हा मला आनंद झाला, बाई. मी मालकिणीला दुसरा प्रश्न विचारला नाही. नोंद नाही असा फोन केला, कागदावर लिहिले आणि झोपलो. तिने सकाळी हाक मारली नसती तर मी पहिल्या बसने निघालो असतो आणि तो आत राहिला असता. तुम्ही त्याच्यावर लक्ष ठेवायला सांगितले होते. ते मी फार वर्षे ठेवले, पण तुम्हाला अभिप्रेत होते तसे नाही. तुमच्या पडवीत माझ्यानंतर कोणी बसले हेच मला सहन झाले नव्हते.

तुम्ही हजेरीला आमच्या वडिलांची नावे घ्यायचात. मी एकदा का म्हणून विचारले, तेव्हा म्हणाला होतात की बापाचं नाव घेतलं की पोरगं सरळ उभं राहतं. त्या जिन्यावर माझ्या वडिलांचे नाव ऐकून मी सरळ उभा राहिलो. एक रात्र उशिरा.

आपला विद्यार्थी.