भावजींचं कुरकुरणारं स्टूल

आमचे भावजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, एका रॉक बँडमध्ये एकवीस वर्षं ड्रम वाजवतात. तालीम आमच्याच गॅरेजमध्ये. माझा सकाळचा जप त्यांच्या ठोक्यांवरच चालतो. देवाने अजून तक्रार केलेली नाही. त्यांच्या स्टुलाला मी एकदा तेल घालायला गेले, तर म्हणाले, "राहू द्या वहिनी, त्याला बोलू द्या."

गेल्या महिन्यात गिटारवाल्याने पाटाएवढं यंत्र आणलं. "आता सगळं इलेक्ट्रॉनिक. ठोके हेच देईल." भावजींना कुणी जा म्हटलं नाही, पण थांब असंही म्हटलं नाही. ड्रमवर चादर पडली.

"आता हो?" मी विचारलं.

"सवत आलीय. नांदायचं, दुसरं काय!"

मला कुठला एवढा सोशिकपणा! यंत्र बिघडू दे, असं मी देवापाशी मागितलं आणि लगेच कान धरले. भावजी मात्र चष्मा लावून रोज बटणं दाबत बसले. पन्नाशीच्या माणसाने जुनी सगळी गाणी ठोक्याठोक्याने त्यात भरली.

रविवारी मी चहा घेऊन गेले, तर गाणारा घामाघूम. कडवं सुरू करताना दर वेळी चुकत होता. शेवटी वैतागला, "खड्ड्यात गेलं यंत्र! काढा ती चादर."

माझे हात देवाला जोडायला उठलेच होते. भावजी गप्प राहिले असते तरी जागा परत मिळाली असती. पण ते म्हणाले, "यंत्र बरोबर आहे. तू माझं स्टूल ऐकतोस."

"स्टूल?"

"कडव्याआधी मी मागे रेलतो, ते कुरकुरतं, तू सुरू करतोस. एकवीस वर्षं."

त्यांनी माइकसमोर स्टूल ठेवलं, बसले, रेलले. ती कुरकुर यंत्रात भरली. पुढच्या खेपेला गाणारा अचूक शिरला.

गिटारवाला खाली मान घालून म्हणाला, "हे यंत्र तूच सांभाळ बाबा. आम्हाला नाही जमायचं."

आता भावजी यंत्रापुढे बसतात. त्यासाठी माझी शिवणाची खुर्ची नेलीय. मी विचारलं, "तुमचं स्टूल काय वाईट होतं?"

"ते कुरकुरलं तर तो दोनदा सुरू करेल, वहिनी."