दहाव्या धाग्यापर्यंत

आयसानेमला मोहिदिलचा राग यायचा तो तिच्या बोटांमुळे.

ताश्कंदला मटेरियल्स इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला दोघी एकाच टेबलावर काम करत. आयसानेम पॉलिमरचं पुस्तक कोळून प्यायलेली. रेशमाच्या रेणूंच्या साखळ्या कुठे घट्ट बसतात नि कुठे विस्कटतात, हे झोपेतून उठवलं तरी सांगेल. मोहिदिल पाठांतराला कच्ची, पण मर्गिलान गावातल्या अशा घरातली, जिथे तीन पिढ्या कोष उकळून रेशीम काढत आल्या. ती धागा चिमटीत धरून जाडी सांगायची, आणि सूक्ष्मदर्शकही मग तीच जाडी दाखवायचा.

"तुला आईनं दुधाऐवजी कोषांचं पाणी पाजलं का गं?" आयसानेमनं एकदा विचारलं.

"दोन्ही पाजलं," मोहिदिल म्हणाली आणि आपल्या सोमशाचा, म्हणजे भट्टीत भाजलेल्या समोशाचा, अर्धा तुकडा तिच्यापुढे सरकवला.

त्या वसंतात एका रेशीमगिरणीच्या प्रयोगशाळेत एकच जागा निघाली. शेवटच्या चाचणीत जिचे आकडे सर्वांत चांगले येतील, तिचं नाव सालोमत ओपा कळवणार होत्या. त्या प्राध्यापिका, पण सगळ्यांच्या ओपा, म्हणजे ताई. ती जागा हुकली तर आयसानेमला आपल्या गावी, चिमबोयला, परतून जिनिंगमध्ये कापसाचे नमुने तपासत बसायचं होतं. काकांनी तिथे शब्द टाकून ठेवला होता.

चाचणी साधी होती. धुतलेल्या रेशमाचे दहा धागे एकेक करून यंत्राच्या जबड्यात धरायचे आणि तुटेपर्यंत ताणायचे. नमुने आदल्या दिवसापासून ठरावीक दमटपणाच्या खोलीत ठेवलेले. आयसानेमनं चिमट्यानं काम केलं आणि सगळ्यांत आधी संपवलं. मग ती मोहिदिलकडे बघत बसली.

मोहिदिल धागा उचलायच्या आधी बोट जिभेला लावत होती. त्याच बोटावरून अख्खा धागा सरळ ओढून घ्यायचा आणि लगेच जबड्यात द्यायचा. मर्गिलानला बायका असंच करतात, आणि तिथे धागा तोडून मोजायचा नसतो, म्हणून ते बरोबरच आहे. पण भिजलेला कापूस उलट बळकट होतो, भिजलेलं रेशीम कमजोर. पुस्तकात हे ठळक अक्षरांत होतं.

आयसानेम नुसती धागे मोजत राहिली.

मोहिदिलचे आकडे फार खाली आले. सालोमत ओपांनी कागद दोनदा पाहिला. "रेशीम एकच, यंत्र एकच. मग असं का? कोण सांगेल?"

मोहिदिल गोंधळून बोटांकडे बघत होती. आयसानेमला राहवलं नाही. यामागचं कारण फक्त आपल्याला ठाऊक आहे, हे वर्गाला कळायलाच हवं होतं.

"ओपा, ती थुंकी लावते धाग्याला. ओलं रेशीम आधी तुटणारच."

"बरोबर. कितव्या धाग्यापासून लावत होती?"

"पहिल्यापासून."

"आणि तू बघत होतीस? कुठपर्यंत?"

"दहाव्यापर्यंत," आयसानेम म्हणाली.

ओपा तिला रागावल्या नाहीत. त्यांनी मोहिदिलचा कागद फाडला आणि सांगितलं, "उद्या परत कर. चिमट्यानं."

दुसऱ्या दिवशी मोहिदिलचे दहाही आकडे जवळजवळ सारखे आले. आदल्या दिवशीचे आयसानेमचे दोन धागे जबड्यापाशीच तुटलेले होते, म्हणजे धरताना घट्ट आवळले गेले होते, आणि त्यांचे आकडे खाली गेले होते. जागा मोहिदिलला मिळाली.

तिनं गॅलरीत आयसानेमला मिठीच मारली. "तू सांगितलंस म्हणून गं. नाहीतर मला जन्मात कळलं नसतं."

"हो ना," आयसानेम म्हणाली.

आता ती चिमबोयला कापूस तपासते. तिच्या अहवालात चूक सापडत नाही. गिरणीच्या प्रयोगशाळेची प्रमुख आता मोहिदिल आहे. कुणी तिचं नाव काढलं की आयसानेम चहाचा घोट घेते आणि म्हणते, "हात चांगला आहे तिचा." डोक्याबद्दल ती काही बोलत नाही.